एक जागा आणि दुकानभर गिऱ्हाईकं

सोमवारी दुकान बंद असे, आणि या घराची भांडणंही सोमवारीच होत.

घरात बसायला जागा नव्हती असं नाही. वरच्या मजल्यावर चांगली ऐसपैस खोली होती. पण महत्त्वाचं काही बोलायचं असलं की सगळे जिना उतरून खाली सलूनमध्ये येत, शटर अर्धं ओढून घेत आणि आपापल्या ठरलेल्या खुर्चीत बसत. माईच्या सासऱ्यांपासूनची ही रीत. खुर्च्या फिरत्या आणि समोर भिंतभर आरसा, त्यामुळे इथे कुणी कुणाला तोंडावर बोलत नसे. जे काय सुनवायचं ते आरशात बघून. आरशातल्या माणसाला चार शब्द जास्त बोलता येतात आणि नंतर त्याच्याच हातचा चहाही घेता येतो, असा माईचा अनुभव होता. कुणाला फारच राग आला तर तो खुर्ची फिरवून आरशाकडे पाठ करी. तसं झालं की बैठक संपली, असं सगळे समजत.

आज मधल्या, हाताचं रेक्झिन फाटलेल्या खुर्चीत माई बसली होती. सत्तरी गाठली तरी दुकानाच्या किल्ल्या तिच्याच कमरेला होत्या. तिच्या एका बाजूला तिचे चिरंजीव आणि दुसऱ्या बाजूला लेक. कोपऱ्यातल्या केस वाळवायच्या टोपाखाली आत्या, म्हणजे माईची नणंद, टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. टोप बंद असला तरी त्याखाली बसलं की कुणी कामं सांगत नाही, हे तिला फार पूर्वी कळलं होतं. सूनबाई हात धुवायच्या बेसिनला टेकून उभी होती. ती लग्न होऊन आली तेव्हा खुर्च्या भरलेल्या होत्या. पुढे एक रिकामी झाली, माईच्या नवऱ्याची, पण ती अडगळीत गेली. त्यामुळे सूनबाई अजून उभीच.

आणि मधोमध, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन, जावई.

मागच्या हिवाळ्यात जावयाचा कारखाना बंद पडला. तेव्हापासून तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर वाचत असे आणि मग तो घरच्यांना पुन्हा सांगत असे. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला ऐकणारे लागत.

"मुद्दा असा आहे," तो आरशाला म्हणाला, "कारखान्यात माणसांची कामं यंत्रांनी घेतली. याचं मी स्वतः उदाहरण आहे."

"उदाहरण घरी बसून आहे, हे सगळ्यांना माहीत आहे," लेक म्हणाली.

"तर आता रोजगार वाढायचा तो सेवा क्षेत्रात. हॉटेलं, दुरुस्तीची दुकानं, आजाऱ्यांची देखभाल, केस कापणं. म्हणून सरकारनं हे धोरण आणलंय. छोट्या दुकानानं एक माणूस रीतसर नोकरीवर घ्यायचा. पहिली दोन वर्षं अर्धा पगार सरकार देणार. शिवाय विमा, शिवाय म्हातारपणी निवृत्तिवेतन. आपल्याएवढ्या दुकानाला एकच जागा. उद्या सकाळी त्यांचं माणूस येऊन बघून जाणार."

"केस कापणं हे काम आहे, हे सरकारला आत्ता कळलं का?" टोपाखालून आत्याने विचारलं.

"उशिरा का होईना, कळलं."

"सरकारला तरी कळलं," सूनबाई म्हणाली.

ती हे अगदी हळू म्हणाली, टॉवेल झटकता झटकता. पण आरशात सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. माईने आपली मान तेवढी हलू दिली नाही.

"साहेब येणार म्हटलं की मला अजून ती फणी ऐकू येते," आत्या म्हणाली. "वहिनी, आठवतंय ना? बाबा डब्यावर फणी वाजवायचे."

माईला आठवत होतं. त्या काळी जितके कारागीर जास्त तितका कर जास्त, म्हणून दारात सरकारी माणूस दिसला की पावडरच्या पत्र्याच्या डब्यावर फणी वाजायची. वाजली की हातातलं टाकून सगळ्यांनी गिऱ्हाईक व्हायचं. कुणी खुर्चीत, कुणी बाकावर. हातात कात्री फक्त मालकाच्या. घरातल्या सुनेने पडद्यामागे जायचं आणि कुणी विचारलंच तर सांगायचं, मी घरचीच. सासऱ्यांनी ही कवायत सगळ्यांकडून इतकी घोटून घेतली होती, की माई नवी नवरी असताना एकदा दूधवाल्याने बाटली आपटली तर ती पडदा विसरून, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसली होती.

"आता ते सगळं उलटं आहे," जावई म्हणाला. "आता कामाला माणूस दाखवायचा. लपवायचा नाही."

"मग दाखवायचं कुणाला?" माईने विचारलं, आणि विचारल्याबरोबर तिला वाटलं, विचारायला नको होतं.

जावयाने घसा साफ केला. "नियम असा, की घरातलं माणूस चालत नाही. म्हणजे सून चालत नाही. जावई, तसं बघितलं तर, दुसऱ्या घरचा."

"तसं बघितलं तर," आत्या म्हणाली, "जेवायला तुम्ही याच घरचे."

"अहो," लेक नवऱ्याच्या आरशातल्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "काल मला वाचून दाखवलंत त्यात घरातलं माणूस चालतं असं होतं. फक्त ते खरोखर काम करताना दिसलं पाहिजे आणि पगार त्याच्याच हातात पडला पाहिजे."

"तो अपवाद आहे."

"तुम्ही अपवाद आहात. मागच्या महिन्यात दादाचे केस तुम्ही कापलेत, तो अजून टोपी घालून फिरतोय."

चिरंजीवांनी टोपी थोडी खाली ओढली. त्यांचं या घरातलं धोरण एकच होतं आणि ते कुठल्याही सरकारला जमलं नसतं: बायको आणि आई यांच्यामध्ये कधीही पडायचं नाही.

माईचा जीव मात्र कात्रीत सापडला होता. जावयाला काम नाही म्हणजे लेकीच्या घरात स्वस्थता नाही, हे तिला रोज दिसत होतं. लेक चेष्टा करी, पण तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. जावयाला जागा दिली तर लेकीचं घर सावरेल. सूनबाई काय, आहेच. आजवर होती तशी. असा हिशेब माईने मनात केला होता आणि तो तिला अगदी सरळ वाटत होता.

"आई," सूनबाई म्हणाली, "मला एक सांगायचंय. समोरच्या काचेच्या सलूनमध्ये माणसं घेतायत. याच योजनेत. त्यांनी मला विचारलंय. एक तारखेपासून या म्हणतात."

टोपाखाली टॉवेलाची घडी अर्धी राहिली.

"समोर?" माईने विचारलं. जणू समोर म्हणजे समुद्रापलीकडे.

"तिथे पगार आहे. आणि माझ्या नावाची पट्टी एप्रनला लावून देतात."

"आणि इथे काय तू परकी आहेस? गल्ल्याची किल्ली मागितलीस आणि दिली नाही, असं कधी झालंय? घरच्या माणसाला कसला आलाय पगार?"

"गल्ला माझा आहे, आई. त्याबद्दल तक्रार नाही." सूनबाईचा आवाज चढला नाही. चढला असता तर माईला बरं वाटलं असतं. "परवा शाळेत बाईंनी तुमच्या नातीला विचारलं, आई काय करते? ती म्हणाली, आई घरीच असते. त्याच संध्याकाळी मी तिच्या बाईंचेच केस कापत होते, इथे, याच खुर्चीशी. तेव्हा बाईंनीच मला हसत सांगितलं. मीही हसले. पण रात्री मला काही गोड लागलं नाही. जागा मला हवी आहे, आई. इथली मिळाली तर इथली. नाहीतर समोरची."

चिरंजीवांनी तोंड उघडलं, मिटलं आणि टोपी नीट केली.

माईने पाय टेकवला आणि खुर्ची फिरवली. आरशाकडे पाठ झाली. बैठक संपली.

संध्याकाळी भाजी निवडताना तिने मुलाला गाठलं. "तुझं काय म्हणणं आहे?"

"मी काय म्हणणार? मी मध्ये पडत नाही."

"जन्मापासून पडला नाहीस. निदान एकदा पडून बघ, लागत नाही फारसं."

त्याने हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाला, "आई, माझं गिऱ्हाईक तिच्याकडे बसतं आणि तिचं कधी माझ्याकडे बसत नाही. ती समोर गेली तर गिऱ्हाईकं रस्ता ओलांडतील. आणि कदाचित मीही ओलांडेन."

हा मुलगा वर्षातून एकदा बोलतो आणि तेव्हा नेमका नको ते बोलतो, असं तिला वाटलं. पण ते खोटं आहे असं काही तिला वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी सगळी फौज हजर होती. जावई नवा एप्रन घालून आला होता. त्याची घडी मोडू नये म्हणून तो बसतही नव्हता. लेक त्याच्याबरोबर आली होती, म्हणे आधाराला. पण ती सारखी त्याच्या हातातली कात्री काढून टेबलावर ठेवत होती. चिरंजीव वस्तऱ्यांची पाती बदलत होते. सूनबाई बाटलीत पाणी भरत होती. माईने ठरवलं होतं, की साहेब आला की ठरवायचं.

साहेब आला नाही. एक बाई आल्या. साध्या, मध्यम वयाच्या, खांद्याला पिशवी. पण माईने त्यांना दारातच ओळखलं. गिऱ्हाईक आत आलं की आधी आरशात स्वतःला बघतं. सरकारी माणूस आधी भिंतीवरचा परवाना बघतो. या बाई परवाना बघत होत्या.

आणि माईच्या हाताने फणी उचलली आणि डब्यावर वाजवली.

तिने वाजवली असं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. हाताने वाजवली. पुढचं पायांनी केलं. आत्या टोपाखाली डोळे मिटून अशी पडली, की ती तिथे परवापासून वाळत असावी. चिरंजीवांनी गळ्याभोवती टॉवेल टाकला. लेक बाकावर बसून मासिक चाळायला लागली. जावयाला ही कवायत कुणी शिकवली नव्हती, पण ज्या घरात एवढी वर्षं जेवला त्या घराचं वळण लागतंच. त्याने एप्रन काढून पाठीमागे कोंबला आणि पेपर उघडला. अशा वेळी कात्री घेऊन उभं राहायचं काम मालकाचं, म्हणजे माईचं. पण फणीचा आवाज ऐकून माईचे पाय जे मागे गेले ते थेट नव्या नवरीपर्यंत. भानावर आली तेव्हा ती मधल्या खुर्चीत होती, गळ्याभोवती कापड.

दुकान गच्च भरलेलं होतं आणि काम करायला कुणी नव्हतं.

सूनबाईची जागा पडद्यामागे होती. तिने पडद्याकडे पाहिलं. माईने आरशात तिचं ते पाहणं पाहिलं. मग सूनबाईने बाटली खाली ठेवली, एप्रनचे बंद घट्ट केले आणि माईच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"नमस्कार," बाई म्हणाल्या. "रोजगार योजनेची पाहणी आहे. मालक कोण?"

कुणीच मालक नव्हतं.

"मालकीणबाई जरा गुंतल्यात," सूनबाई म्हणाली. "बसा ना."

"चालू द्या तुमचं. मला काम बघायचंच आहे."

सूनबाईने माईच्या अंबाड्यातले आकडे एकेक करून काढले.

नवरा गेल्यापासून माईच्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. ती स्वतःच पाठीमागे आरसा धरून अंदाजाने केस कापी, आणि ते कसे दिसतात हे कुणी विचारू नये म्हणून घट्ट अंबाडा बांधी. सुनेने कितीदा म्हटलं, आई, मी करून देते. पण सुनेच्या हातात कात्री असताना तिच्यापुढे मान वाकवायची, हे माईला कधी पटलं नव्हतं. आता मान वाकवावी लागली. पाण्याचा फवारा पडला, केसांतून फणी फिरली, आणि कात्री कानाशी आली तेव्हा सूनबाईने डाव्या हाताची दोन बोटं कानाच्या वरच्या कडेवर अलगद ठेवली.

माई एकदम स्थिर झाली. कान असा झाकायचा, ही तिची स्वतःची लकब होती. ती तिने कुणाला शिकवली नव्हती, मुलालाही नाही. सुनेला तर तिने काहीच शिकवलं नव्हतं. गर्दी असली की नुसती हाक मारली होती, ये गं जरा, धर हे. आणि ही पोरगी बेसिनला टेकून, उभ्या उभ्या, सगळं बघत होती. माईला लाज वाटली. खरीखुरी, कानाच्या पाळीपर्यंत जाणवणारी लाज. आणि त्या बोटांखाली ती लपवायलाही जागा नव्हती.

"गर्दी चांगली आहे," बाई जावयाशेजारी बसत म्हणाल्या. "तुम्ही नेहमी येता?"

"मी साधं गिऱ्हाईक आहे," जावई म्हणाला. तिथे थांबला असता तर निभावलं असतं. "पण योजना उत्तम आहे तुमची. फक्त एवढंच, की छोट्या दुकानांना ती कुणी नीट समजावून सांगत नाही. दोन वर्षांनंतर तो पगार पेलायचा कसा, दुकानाचं काम वाढवायचं कसं, हे दारोदार जाऊन सांगायला हवं. नाहीतर लोक माणूस घेतील आणि अनुदान संपलं की काढून टाकतील."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्याच्या पाठीमागून लोंबणाऱ्या एप्रनच्या बंदाकडे पाहिलं. मग बाकावरची लेक, टॉवेलातले चिरंजीव आणि टोपाखालची आत्या यांच्यावरून त्यांची नजर सावकाश फिरली.

"या दुकानात," त्या म्हणाल्या, "सगळी गिऱ्हाईकं एकाच नाकाची येतात का?"

टोपाखाली आत्याने नाक आत ओढून घेतलं.

"आणि तुम्ही, आजी? यांच्याकडेच येता केस कापायला?"

आरशात सगळे माईकडे बघत होते. लेकही बघत होती. माईने तिच्याकडे पाहिलं, क्षमा मागितल्यासारखं. लेकीने मासिक मिटलं आणि अगदी थोडी मान हलवली. सांग, अशी.

"नाही," माई म्हणाली. "आज पहिल्यांदाच बसले. इतकी वर्षं बसले नाही, हा माझा शिष्टपणा. मालक मीच. तो टोपीवाला माझा मुलगा, बाकावर लेक, पेपरवाले जावई, आणि टोपाखाली झोपल्यात त्या माझ्या वन्सं, त्या झोपलेल्या नाहीत."

"मग हे सगळं काय आहे?"

"सवय आहे, बाई. आधी तुमची माणसं यायची ती कामाला किती जण आहेत ते बघून कर लावायला. आता तुम्ही आलात ते माणूस आहे म्हणून पैसे द्यायला. डोक्याला कळलंय हो. पायांना अजून कळवलेलं नाही."

बाई हसल्या. पण पेन त्यांनी तसंच हातात धरलं होतं. "मग जागेवर कुणाचं नाव घालायचं? एकच आहे."

सूनबाईची कात्री माईच्या कानाशीच थांबली.

"हिचं," माई म्हणाली. "आत्ता माझ्या डोक्याशी उभी आहे तिचं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती इथे काम करते. जावई करत नाहीत. कधी करूही नयेत. हवं तर मुलाची टोपी काढून बघा."

"टोपी राहू दे," चिरंजीव घाईने म्हणाले. मग त्यांनी गळ्याभोवतीचा टॉवेल काढला, उठून उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा आई आणि बायको यांच्या बरोबर मध्ये आले. "तिचंच घाला. मी सांगतोय."

बाईंनी सूनबाईला विचारलं, "तुम्ही घरच्याच ना?"

"हो," सूनबाई म्हणाली. "घरचीच. आणि इथे काम करते."

बाईंनी सही केली. जाता जाता त्या जावयापाशी थांबल्या. दुकानोदुकानी योजना समजावून सांगायला त्यांच्या कचेरीला माणसं हवी होती, बोलता येणारी. इच्छा असेल तर येऊन भेटा, हमी नाही.

"नक्की घ्या त्यांना," लेक म्हणाली. "दिवसभर चालेल. जेवायला तेवढे परत पाठवा." आणि असं म्हणताना तिने पटकन डोळे पुसले, मासिकाच्याच पानाने.

सगळे बाईंना पोचवायला दारापर्यंत गेले. माई उठायला लागली तशी खांद्यावर हात आला.

"बसा. एक बाजू राहिलीय."

माई बसली. आरशात सूनबाईचा चेहरा होता, नेहमीसारखाच, कामात असलेला. माईने त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला. पण जे बोलायचं होतं ते आरशात बघून बोलण्यासारखं नव्हतं. तिने पाय टेकवला आणि खुर्ची फिरवली.

दारात सगळे थबकले. "आता काय झालं?" आत्या पुटपुटली.

माईची पाठ आरशाकडे होती, आणि समोर, हातभर अंतरावर, खरीखुरी सूनबाई उभी होती.

"समोर जाऊ नकोस गं," माई म्हणाली.

सूनबाईचे डोळे भरले होते आणि ते लपवायला तिला आरसा नव्हता.

"अर्धं डोकं टाकून कुठे जाऊ?" ती म्हणाली. "मान सरळ ठेवा, आई."

माईने मान सरळ ठेवली.